पुलाची भिंत एका विटेची नसते

मागच्या अंकात मॉडेल रेल्वेच्या मालडब्यांवरच्या गंजाबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती पुलांची. त्यातही विटांच्या. बहुतेकांची तक्रार एकाच चालीची: विटा दिसतात, पण पूल पटत नाही. तेव्हा या वेळची सगळी जागा विटांना. लांब पत्रं मी कापली आहेत, रागावू नये.

प्रश्न : ताई, ४ मिमीच्या मापात तीन कमानींचा पूल करतोय. विटांचा उठाव असलेली प्लॅस्टिकची शीट आणून चिकटवली, विटकरी रंग दिला. विटेचं माप बरोबर आहे, मोजून पाहिलंय. तरी पूल खेळण्यातला वाटतो. सांधे आणखी खोल कोरू का? फोटो जोडला आहे.

कोरू नका. खोली झालीच असेल तर जास्त झाली आहे. हिशोब असा. फुटाला ४ मिमी म्हणजे साधारण १:७६. जुन्या पुलांतली वीट सांध्यासकट नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, तीन इंच उंच धरतात. तुमच्या मापात ती ३ मिमी, दीड मिमी आणि १ मिमी झाली. म्हणजे पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा हेच तुमचे थर. इतकं सोयीचं माप दुसरं नाही. सांधा मात्र खऱ्या भिंतीत दहाएक मिलिमीटरचा, तो मॉडेलवर उरतो ०.१३ मिमी. शीटवरची खाच ०.३ मिमी खोल असली तर खऱ्या पुलात ती जवळजवळ इंचभर खोल झाली. एवढे सांधे पोखरलेला पूल दुरुस्तीच्या यादीत पहिला असतो. शिवाय बघणारा उभा राहतो दोन फुटांवर, म्हणजे पुलाच्या हिशोबाने दीडशे फुटांवर. तिथून सांधा वेगळा दिसत नाही, तो रंगात मिसळून जातो.

खरी गोम तुमच्या फोटोत आहे. भिंतभर सगळ्या विटांच्या लांब बाजूच दिसताहेत. गवंडी लांब बाजूला स्ट्रेचर म्हणतात आणि विटेच्या तोंडाला हेडर. सगळेच स्ट्रेचर दिसणारी बांधणी साडेचार इंची भिंतीची, आतल्या पडद्यांची. पुलाची भिंत अनेक विटा जाड असते आणि ती जाडी एकमेकीत गुंतवायची तर काही विटा आडव्या आत शिराव्या लागतात. त्यांची तोंडं बाहेर दिसणारच. मी नोकरीत पुलांचे आराखडे काढले आहेत. बाहेरून नुसते स्ट्रेचर दिसले की माझं पेन्सिल धरलेलं बोट आपोआप थांबतं. रेल्वेच्या जुन्या कामात इंग्लिश बाँड फार दिसतो: एक थर सगळा स्ट्रेचरचा, त्यावरचा सगळा हेडरचा. या बांधणीचीही शीट मिळते. विकत घेताना माप बघता तशी बांधणी बघा.

आता कोपरा. इंग्लिश बाँडमध्ये जो थर समोरच्या बाजूला स्ट्रेचरचा, तोच वळून बाजूच्या भिंतीवर हेडरचा होतो. कारण सरळ आहे: कोपऱ्यावरची वीट एकच, तिची लांबी एका बाजूने दिसते आणि तोंड दुसऱ्या बाजूने. तुम्ही दोन्ही भिंतींना शीट एकाच उंचीपासून लावली तर स्ट्रेचरला स्ट्रेचर भिडतो आणि ती वीट अशक्य होते. एक शीट बरोबर एका थराने खाली सरकवून कापा. दोन्ही कडा मागच्या बाजूने पंचेचाळीस अंशांत तासून भिडवा. सांधा वाळून कडक झाला की बारीक तिकोनी कानस घेऊन प्रत्येक थराची खाच कोपऱ्यावरून पलीकडे वळवा. खाच कोपऱ्याच्या अलीकडेच थांबली तर कागद चिकटवल्यासारखं दिसतं. हेडरच्या थरात कोपऱ्यावरच्या विटेला लागून अर्ध्या रुंदीचा एक तुकडा असतो, त्यानेच वरच्या-खालच्या थरांचे सांधे चुकवले जातात. तो पाऊण मिमीचा येईल. शीटवर नसला तर कोपऱ्याच्या दहाबारा थरांत हाताने ओढा, तेवढं पुरे.

प्रश्न : कमानीच्या आत शीट वळवून लावली. मित्र म्हणतो, दिशा चुकली. थर कसे जायला हवेत?

मित्राचं ऐका. कमानीच्या पोटात थर बोगद्याच्या लांबीने जातात, या दर्शनी बाजूपासून त्या दर्शनी बाजूपर्यंत, कमान जिथून सुटते त्या रेषेला समांतर. कमान बांधताना खाली लाकडी सांगाडा असतो आणि गवंडी दोन्ही पायथ्यांकडून एकेक ओळ रचत माथ्यावर भेटतात. ओळी आडव्या कशा जातात ते यावरून लक्षात राहील.

आणि गंमत म्हणजे वरच्या पत्रातल्या गृहस्थांची उरलेली शीट इथे चालते. विटांची कमान बहुधा एकावर एक कड्यांची असते, प्रत्येक कडं अर्ध्या विटेचं. त्या कड्यात वीट बोगद्याच्या लांबीने पडलेली असते, म्हणून पोटात स्ट्रेचर दिसतात आणि दर्शनी बाजूला तोंडं. तुम्ही कमानीची रुंदी १०४ मिमी लिहिली आहे, अर्धवर्तुळ. ४ मिमीच्या मापात एका कड्याची जाडी दीड मिमी आणि प्रत्येक विटेला १ मिमी. सगळ्यात आतल्या कड्यात सुमारे १६३ विटा बसतील, चौथ्यात १७७. कडी एकमेकांशी बांधलेली नसतात, त्यामुळे त्यांच्या रेघा जुळत नाहीत. जुळवायचा प्रयत्नही करू नका. बाहेरच्या कड्यात रेघा फाकवून विटा जाड करणं हा या कामातला सर्वांत सामान्य दोष आहे.

करायची रीत: अर्ध्या मिमीची साधी शीट घ्या, उठाव नसलेली. केंद्राला खूण करून कर्कटकाच्या दोन्ही टोकांनी दीड-दीड मिमीवर कडी ओढा. मग केंद्रात टाचणी रोवा, स्टीलची पट्टी टाचणीला टेकवून फिरवत जा आणि सुरीच्या पात्याच्या पाठीने एकेका कड्यापुरती रेघ मारा. दाब हलका, रेघ दोनदा. आतलं अर्धवर्तुळ अगदी शेवटी कापा, नाहीतर टाचणी रोवायला जागाच राहणार नाही. कडं तयार झालं की ते भिंतीच्या शीटवर चिकटवा. भिंतीची ओबडधोबड कापलेली कड त्याखाली झाकली जाते. माथ्यावर मोठा दगड बसवायचा मोह होतो. अशा कड्यांच्या कमानीला तो लागत नाही, शोभेला असला तर असतो.

प्रश्न : माझी कमान फार पसरट आहे. विटांची म्हणून खपेल का?

खपेल. इंग्लंडमधला, ब्रुनेल या अभियंत्याचा मेडनहेडचा रेल्वेपूल बघा, १८३९ साली त्यावरून गाड्या सुरू झाल्या. १२८ फुटांची कमान आणि उंची अवघी २४ फूट, तीही विटांची. ४ मिमीच्या मापात ५१२ मिमीला ९६ मिमी. फक्त तिची वक्ररेषा लंबवर्तुळाच्या जवळची आहे, त्यामुळे टाचणी एका जागी रोवून चालत नाही. प्रत्येक रेघ त्या त्या ठिकाणी वक्राला काटकोनात हवी. छोटा गुण्या घेऊन दर सेंटिमीटरला एक खूण करा आणि मधल्या रेघा नजरेने भरा.

प्रश्न : रस्ता रुळांना तिरका ओलांडतो, त्यामुळे पूलही तिरका. आतले थर कसे दाखवू?

मला आलेल्या पत्रांतला हा सर्वांत आवडलेला प्रश्न. तिरक्या पुलात थर पायथ्याला समांतर ठेवले तर कमानीच्या टोकदार कोपऱ्याकडच्या विटांना पलीकडे आधारच मिळत नाही. म्हणून गवंडी थर मळसूत्रासारखे फिरवत नेतात. बघायला अवघड, कागदावर मात्र सोपं. कमानीचं पोट सपाट उलगडलं अशी कल्पना करा. दर्शनी कडा नागमोडी दिसतील. एका दर्शनी कडेची दोन्ही टोकं सरळ रेषेने जोडा. या रेषेला काटकोनात समांतर रेघा ओढल्या की ते तुमचे थर. वळवल्यावर त्यांचं मळसूत्र आपोआप होतं.

कागदाचा नमुना आधी कमानीत बसवून बघा, कडा जुळल्या की त्यावरून पातळ शीट कापा. रेघा सपाट असतानाच मारायच्या, वळवल्यानंतर पट्टी टेकत नाही. पायथ्याला थर तिरके येऊन आदळतात, तिथे खऱ्या पुलात बहुधा दातेरी कापलेले दगड असतात. राखाडी पट्टीला करवतीसारखे दाते पाडून लावलेत तर जाणकार माणूस खाली वाकून बघेल.

प्रश्न : एन स्केल. कोरावं की छापील कागद लावावा?

कागद. १:१६० ला वीट १.४ मिमी लांब, थर अर्ध्या मिमीहून कमी आणि सांधा ०.०६ मिमी. एवढं कोरणारा हात असेल तर घड्याळं दुरुस्त करा. उठाव द्यायचा तो मोठ्या गोष्टींना द्या: कठड्यावरची दगडी झाकणं, खांबांचे पुढे आलेले पट्टे, कठड्याखालची बाहेर काढलेली विटांची ओळ. कागदाच्या कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटवण्याआधी रंगीत पेन्सिलने मारून घ्या. इंकजेटवर छापला असेल तर आधी मॅट वार्निशचा हलका फवारा द्या, नाहीतर ओल्या गोंदाने शाई पसरते.

प्रश्न : फोमच्या बोर्डवर विटा छान उमटल्या, स्प्रेने रंगवायला गेलो तर भिंतीला भगदाडं पडली.

स्प्रेमधल्या द्रावकाने फोम विरघळतो. झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूनेही तेच होतं. फोमला पांढरा गोंद आणि पाण्यातले अॅक्रेलिक रंग, ब्रशने. आधी पाणी घातलेल्या गोंदाचा एक हात देऊन वाळू द्या, रंग कमी शोषला जातो. मोठ्या मापाला, १:४५ च्या आसपास, फोम उत्तमच. वीट पाच मिमीची असते आणि शाई संपलेल्या बॉलपेनने सुरेख दबते. विटांची दोनचार तोंडं सुईने टोचून खरवडा, गुळगुळीतपणा जाईल.

प्रश्न : सांध्यांत पांढरी पुट्टी भरून पुसली. भिंत चौकटीच्या वहीसारखी दिसते. आता काय करू? आणि प्रत्येक वीट वेगळी रंगवावी का?

पांढरा सांधा नव्या घरालाही क्वचित असतो, पुलाला तर नाहीच. चुन्याचा सांधा मळकट, पिवडीकडे झुकणारा राखाडी. धुराच्या काळातल्या पुलावर तर तो काही ठिकाणी विटेहून काळपट होतो. तुमची भिंत वाया गेलेली नाही. तपकिरी-राखाडी रंग भरपूर पातळ करून सगळ्या भिंतीवरून फिरवा. सांधे बसतील. पुढच्या वेळी भरताना फडकं थरांच्या दिशेने ओढू नका, खाचेतलं सगळं बाहेर येतं. तिरकं पुसा, फडकं जवळजवळ कोरडं ठेवून. भिंत प्लास्टरची किंवा मातीची असेल तर आधी अस्तर हवंच, कोरडं प्लास्टर पहिला ब्रश टेकताच सगळा रंग पिऊन टाकतं.

प्रत्येक वीट? वीस सेंटिमीटर उंच, तीस सेंटिमीटर लांब अशा भिंतीवर ४ मिमीच्या मापात, इंग्लिश बाँडमध्ये, तीस हजार विटा दिसतात. विसात एक रंगवलीत तरी दीड हजार. त्यासाठी रंगीत पेन्सिली घ्या, ब्रश नको. गेरू, गडद तपकिरी, जांभळट राखाडी आणि एक फिकट भाजका पिवळा, एवढ्या चार पुरतात. टोक थोडं बोथट, दाब हलका. हेडरच्या थरात गडद विटा जास्त टाका, कारण भट्टीत आचेकडे तोंड आलेल्या विटांची तोंडं काळपट भाजायची. आणि एकसारख्या अंतरावर टाकू नका. दोन शेजारी, मग बराच वेळ काही नाही, मग तिघी. एकाच गाडीतला माल एकाच जागी लागायचा, तसा एखादा पट्टा थोडा वेगळ्या छटेचा असला तर फारच छान.

आता डाग, कारण बऱ्याच पुलांना लोक वरून खालपर्यंत काळं फासतात. काजळी कुठे लागते याचा विचार करा. रुळांवरून रस्ता जातो त्या पुलाच्या पोटात, रुळांच्या प्रत्येक जोडीच्या मधोमध वर, इंजिनाचं धुराडं जिथून जायचं तिथे काळा पट्टा असतो. कमानीच्या तोंडावर तो थोडा वर चढतो. रुळ ज्या पुलावरून जातात त्याच्या पोटात ही काजळी येणार कुठून? तिथे पाणी असतं. दोन कमानींच्या मधल्या घळीत, खांबाच्या वर, पावसाचं पाणी साठतं आणि विटांतून झिरपत येतं. म्हणून ओल, शेवाळ आणि लोणा खांबाच्या वरच्या भागात आणि कमान सुटते त्या रेषेखाली दाखवा. लोणा दाखवायला पांढऱ्या पावडरचा जेमतेम स्पर्श, खाली ओघळ ओढलेला. पाणी बाहेर पडायचा छोटा पाईप दाखवलात तर ओघळाला कारण मिळतं. दुरुस्तीचा एक तुकडा टाका, गडद निळसर कठीण विटांचा, कडा थरांप्रमाणे दातेरी. एकच टाका.

प्रश्न : जर्मनीतला ग्योल्ट्श खोऱ्याचा पूल एन स्केलमध्ये करायचाय. खोलीत दोन मीटर जागा आहे.

तो १८५१ साली पुरा झाला, ५७४ मीटर लांब, ७८ मीटर उंच, आणि त्यात दोन कोटी साठ लाखांवर विटा आहेत. एन स्केलला तो ३.६ मीटर लांब आणि ४९ सेंटिमीटर उंच होईल. दोन मीटरमध्ये सगळा कोंबलात तर कमानी अरुंद होतील आणि रुबाब जाईल. कडेचा उतरता भाग करा, जिथे तो डोंगरात शिरतो. माप खरं ठेवा आणि उरलेला पूल पार्श्वभूमीच्या चित्रात जाऊ दे. त्याच्या कमानी मजल्यांवर मजले आहेत, हे मात्र सोडू नका.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. माझ्याकडे शीट नाही, पुठ्ठा आहे. विटा कशा करू?

पुठ्ठ्यानेच कर, चांगला होतो. खोक्याचा पातळ, गुळगुळीत पुठ्ठा घे, नागमोडी थराचा नको. कंपासपेटीतली पट्टी आणि संपलेलं बॉलपेन एवढंच लागेल. आधी रंग दे, पूर्ण वाळू दे. मग आडव्या रेघा सगळ्या दाब, पण उभ्या रेघा सगळीकडे नको. कोपऱ्यांजवळ, कमानीभोवती आणि मध्ये कुठेकुठे, वीसतीस विटांचे पुंजके. उरलेल्या विटा बघणाऱ्याचा डोळा भरतो, आणि तुझी एक सुट्टी वाचते. आडव्या रेघांतलं अंतर सगळीकडे एकच ठेव. दोन टोकांना पट्टीने खुणा करून मगच रेघ मार. पुठ्ठा ओला झाला तर फुगतो, म्हणून रंग घट्टच वापर आणि दोन्ही बाजूंनी दे, एकाच बाजूने दिला तर भिंत वाकेल.

प्रश्न : प्लॅस्टिकची भिंत लावली तेव्हा सपाट होती. काही महिन्यांनी मधोमध फुगली.

दोन मोठ्या शीट पाठीला पाठ लावताना चिकटवायचं द्रावक आत अडकतं, त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. ते हळूहळू प्लॅस्टिक मऊ करत राहतं. आतल्या शीटला चिकटवण्याआधी दर दोनतीन सेंटिमीटरला भोक पाडा आणि द्रावक सगळीकडे न लावता ओळींनी लावा. काम खिडकी उघडी ठेवून करा, ती वाफ चांगली नाही. फुगलेली शीट दाबून किंवा गरम करून बसत नाही. वरचा थर कापून काढा, कोपरे आणि कमानीची कडी वाचवा आणि मधला भाग नवा लावा. जोड एखाद्या खांबाच्या पट्ट्यामागे घ्या.